आप्पांच्या गाडीवरची अँटेना

तळवड्याच्या आमच्या खोलीमागं एक प्रेसशॉप होतं. पत्रे दाबून त्यांचे सुटे भाग काढणारी मशीन दिवसभर धाड-धाड करायची आणि दर धाडेला आमच्या मांडणीतली ताटं थरथरायची. पाहुणे आले की कपाळाला हात लावून बसायचे. आम्हाला मात्र रविवारी मशीन बंद असली की चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. आई होती तोवर हा आवाज मी कधी ऐकलाच नाही असं आता वाटतं, कारण तिचा आवाज त्याच्या वरताण होता. भाकरी थापताना बोलायची, धुणं पिळताना बोलायची, भांडी घासताना तर नळाशीसुद्धा भांडायची. आप्पा जेवायला बसले की कोणती कंपनी, काय माल, गेटवर किती वेळ अडकवलं, शेजारच्या गाडीवाल्याची बायको बाळंत झाली का, सगळं खोदून खोदून विचारायची आणि त्यांच्या 'हं'चा 'हो'चा अर्थ लावून उत्तरंही स्वतःच द्यायची. ती गेली आणि मशीन एकदम खोलीतच येऊन बसली.

आम्ही लातूरकडचे. आप्पा तरुणपणी इकडं आले, आधी दुसऱ्याच्या टेम्पोवर, मग स्वतःची पिकअप घेतली. तळवड्यातल्या लहान कारखान्यांतला माल हौद्यात भरायचा, इंद्रायणी ओलांडायची आणि चाकणच्या मोठ्या कंपन्यांच्या गेटवर रांगेत उभं राहायचं, हा त्यांचा धंदा. मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स करून तिथल्याच एका कारखान्यात सोल्डरिंगला लागले होते, शिकाऊ म्हणून. पहिली शिफ्ट. दुपारी घरी यायचे ते थेट कुलपापाशी. आई असताना त्या दाराला दिवसा कुलूप कधी लागलं नव्हतं.

आई दवाखान्यात असताना मी शिफ्टलाच होते. 'बरी हाय आता, तू जा कामाला,' असं तीच म्हणाली होती. आमच्या कंपनीत फोन बाहेर लॉकरमध्ये ठेवावा लागायचा. सुटी झाल्यावर फोन हातात घेतला तर आप्पांचे एवढे मिस्ड कॉल, की मला काय ते तिथंच कळलं. मी पोचले तेव्हा तिच्या तोंडावरून चादर ओढलेली होती आणि आप्पा भिंतीला टेकून उभे होते. मी त्यांना विचारलं, "शेवटी काय म्हणाली?" ते बाहेर निघून गेले. गावी दिवस घातले त्यानंतर पुन्हा एकदा विचारलं. तेव्हा ते उठून गोठ्याकडं गेले, आणि आमच्या गोठ्यात तर जनावर उरलंच नव्हतं. मग मी विचारायचं सोडलं. पण डोक्यातून ते काही जाईना. आईसारखी बोलकी बाई काहीच न बोलता जाईल, हे मला कोणी स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं असतं तरी पटलं नसतं. काहीतरी म्हणाली असणार. माझ्यासाठी काहीतरी ठेवून गेली असणार, आणि हा माणूस ते गिळून बसलाय, असा राग होता माझा. खरं सांगते, जेवण वाढताना ताट आपटायचे मी.

आप्पा मुळातच कमी बोलणारे, त्यात आता तोंडाला कुलूप. फोन केला तर 'हं', 'हो', 'ठेव'. घरी आले की हातपाय धुवायचे, मी केलेली कच्ची-करपलेली भाकरी शेंगदाण्याच्या चटणीत बुडवून मुकाट खायची आणि भिंतीकडं तोंड करून पडायचं. बरं झालीय, वाईट झालीय, काही म्हणायचं नाही. एकदा मी मुद्दाम भाजीत मीठ घातलं नाही. तीही खाल्ली. मग मला स्वतःचाच एवढा संताप आला की मी गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीमागं रडून आले. दोन माणसं एका खोलीत एवढी एकटी असू शकतात, हे मला त्या वर्षी समजलं.

अशात एक दिवस आप्पांनी रावेतच्या एका सोसायटीतलं बिऱ्हाड हलवलं. बिऱ्हाड एका म्हाताऱ्या गृहस्थांचं. ते मुलाकडं परदेशी निघाले होते आणि त्यांना जीपमधून डोंगरात भटकायचा आणि गाडीतल्या रेडिओवरून मित्रांशी गप्पा मारायचा नाद होता. त्यांनी एक खोकंच आप्पांच्या हातात दिलं. त्यात दोन रेडिओ, गुंडाळी झालेल्या वायरीचे माइक, गाडीवर लावायच्या दोन लांब काठ्या, काळ्या केबली आणि काट्याचा एक लहान मीटर. "सीबी रेडिओ म्हणतात याला. कमी ताकदीचा आहे, लायसन लागत नाही. भंगारात घालू नका एवढंच," असं ते म्हणाले म्हणे. आप्पांनी खोकं आणून कॉटखाली सरकवलं. मी त्याच दुपारी ओढून बाहेर काढलं.

माझ्या डोक्यात काय आलं ते सांगते. फोनवर आप्पा गप्प असतात कारण मी गप्प बसत नाही. मीच विचारते, मीच बोलते, आईसारखी. या रेडिओवर तसं चालत नाही. बटण दाबून धरलं की आपण बोलायचं, समोरच्याला मध्ये तोंड घालताच येत नाही. 'ओव्हर' म्हणून बटण सोडलं की मगच त्याची पाळी. म्हटलं, बघू तरी, या माणसाच्या हातात बटण दिलं तर तो ते किती वेळ रिकामं दाबून धरतोय.

एक रेडिओ घरी बसवला. त्याला चालवायला पिकअपची जुनी बॅटरी ओट्याखाली ठेवली आणि एक काठी गच्चीच्या लोखंडी कठड्याला बांधली. घरमालकीणकाकू तळवड्याच्याच जुन्या घरातल्या. त्या नऊवारीचा पदर खोचून धापा टाकत वर आल्या. "आगं ए पोरी, काय टावर उभारतीस व्हय? त्या टावरनं मान्सं आजारी पडत्यात म्हनं!" मी म्हटलं, काकू, तुमच्या हातातल्या मोबाइलपेक्षा गरीब आहे हो हा बिचारा. "मंग असू दे. पन त्यावर धुनं वाळत घालू नगंस, वाकंल," असं बजावून त्या गेल्या. ते काम तसं सोपंच झालं. खरी गंमत गाडीवर होती.

सलीमचाचा म्हणजे आप्पांच्या बरोबरीचे पिकअपवाले. दोघांच्या गाड्या एकाच मैदानात उभ्या राहायच्या. ते ड्रिल मशीन घेऊन मदतीला आले आणि आल्या आल्या सुरू झाले. "अरे भावा, अँटेना लावतोस का लग्नाचा मांडव घालतोस? चाकणला काय चंद्रावरून माल उचलायचा आहे?" आप्पांनी मात्र शिडी आणून लावली, म्हणजे मनात होतं. काठी लावायला सगळ्यात उंच जागा म्हणजे टपावरचं कॅरिअर. लोखंडी पाइपचं, शेंदरी रंगाचं. त्याच्या कोपऱ्याला आम्ही क्लॅम्प आवळला, केबल दाराच्या रबरातून आत घेतली, रेडिओ डॅशबोर्डखाली बसवला आणि मध्ये मीटर जोडला.

हा मीटर काय सांगतो ते मला पुस्तकांतून ठाऊक होतं, हातानं मात्र पहिल्यांदाच बघत होते. आपण पाठवलेलं किती बाहेर गेलं आणि किती अँटेनाला धडकून परत आलं, ते त्याचा काटा दाखवतो. काटा डावीकडं राहिला तर उत्तम, लाल पट्टीत गेला तर समजायचं की सगळं उलटून आपल्याच अंगावर येतंय. गाडी मोकळ्या जागेत पाहिजे, दारं लावलेली पाहिजेत, म्हणून आम्ही आयटी पार्कच्या मागच्या माळावर गेलो. मी बटण दाबलं. काटा सरळ लाल पट्टीत. खालच्या चॅनलवर लाल, वरच्या चॅनलवर लाल. बुडाचा स्क्रू सैल करून काठी थोडी वर ओढली, पुन्हा लाल. थोडी खाली दाबली, तरी लाल. सलीमचाचा म्हणाले, "बेटी, हा काटा आमच्या बेगमसारखा आहे, काय केलं तरी लालच." मी हसले नाही. एवढी चिडले होते की पाना फेकून मारणार होते कोणाला तरी.

मग ध्यानात आलं. काठीला जमीन लागते. म्हणजे तिचं बूड गाडीच्या उघड्या लोखंडाला भिडलं पाहिजे, तर सगळी गाडी तिच्या मदतीला येते. आणि आमचा क्लॅम्प तर रंगावर बसला होता! आमच्याकडचे गाडीवाले खंडेनवमीच्या आधी गाडी रंगवतात. जुना रंग काढायचा नाही, त्याच्यावरच नवा फासायचा, दरवर्षी. त्या पाइपवर लाल, पिवळा, हिरवा आणि सगळ्यांत वर शेंदरी, असे थर चढून कातड्यासारखी जाड साल झाली होती. बाहेरच्या कुठल्याही देशात ही चूक कोणी केली नसती, कारण गाडीला लेकीसारखं नटवायची हौस आमचीच. मी म्हटलं, "एवढंच होय! पॉलिशपेपर द्या, कोपरा खरवडते."

"रंगाला हात लावायचा न्हाई."

आप्पा बोलले होते. पूर्ण वाक्य. मी शिडीवरून खाली बघितलं. म्हटलं, अहो, बोटभर जागा लागते, नंतर परत रंग लावू. ते पुन्हा तेच म्हणाले आणि माझ्या हातातला पॉलिशपेपर काढून घेतला. मी काहीतरी तोडून बोलणार होते, तेवढ्यात सलीमचाचांनी मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "भाभीच्या शेवटच्या खंडेनवमीला तिनंच रंगवलं होतं ना हे."

विसरलेच होते मी. पेंटरला कशाला बोलवायचं म्हणून आई स्वतः त्या टपावर चढली होती, साडीवर आप्पांचा जुना शर्ट घालून. रंगही तिनंच निवडला होता, आप्पांना तो भडक वाटला होता. रस्त्यानं जाणाऱ्या बायका थांबून बघत होत्या आणि ही वरून त्यांनाच विचारत होती, "कसा दिसतोय गं?" पुढच्या खंडेनवमीला आईचं वर्ष सरलेलं नव्हतं. मैदानातल्या सगळ्या गाड्या चकचकीत झाल्या, आमची तशीच राहिली, आणि मला वाटलं होतं की सण पाळायचा नाही म्हणून. तसं काही नव्हतं. पुढचा थर चढला असता तर तिचा खाली गेला असता.

मी शिडीवरून उतरले. "राहू द्या आप्पा, नको ते," एवढंच म्हटलं. खरंच नको होतं मला. घरी जावं, खोकं कॉटखाली ढकलावं आणि विषय संपवावा. सलीमचाचाही ड्रिलची वायर गुंडाळायला लागले. आप्पा मात्र तसेच उभे. मग ते शिडी चढले. त्यांनी पाइपच्या खालच्या अंगाला हात घातला, चाचपडत चाचपडत कोपऱ्यापर्यंत नेला आणि म्हणाले, "हितं खाली तिचा ब्रश पोचला न्हाई. जुना रंग हाय. खालून खरवड."

मी खालून खरवडलं. मान मोडून आली, डोळ्यांत सगळा भुगा. खाली चमचमतं लोखंड लागल्यावर मी तांब्याची जाड पट्टी एका टोकानं तिथं क्लॅम्पमध्ये आवळली, दुसरं टोक टपाच्या बोल्टला. बटण दाबलं. काटा लाल पट्टीतून असा खाली आला की मी ओरडलेच. मग राहिलं ते फक्त काठीची लांबी जुळवणं. वरच्या चॅनलवर काटा जास्त चढला तर काठी लांब झालीय, थोडी आत घ्यायची, खालच्या चॅनलवर चढला तर थोडी बाहेर. केसभर आत, केसभर बाहेर, असं करत करत ऊन कलेपर्यंत दोन्हीकडं काटा सारखा झाला. आप्पा तोवर चाकापाशी उकिडवे बसून बघत होते. सलीमचाचांनी चहा आणला, तो सगळ्यांनी गार करून प्याला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरी रेडिओसमोर मांडी घालून बसले. पुलापलीकडून त्यांनी बोलवायचं ठरलं होतं. बराच वेळ नुसती खरखर. मग खरखर थांबली, म्हणजे त्यांनी बटण दाबलं होतं. श्वास ऐकू आला. मागं इंजिन. मग पुन्हा खरखर. असं दोनतीनदा झालं. मी दात आवळून गप्प बसले. आणि मग, "आशे, ऐकू यायलंय का? ओव्हर."

त्यानंतर आप्पा बोलायला लागले. देवाशप्पथ! हाच तो माणूस यावर माझाच विश्वास बसेना. गेटवरच्या रांगेत उभे असले की सांगायचे, पुढं कोणाची गाडी, त्यात काय माल, सिक्युरिटीवाला आज कशावरून तापलाय. म्हाळुंग्याला पेरू विकणारी बाई सगळ्यांना काका म्हणते आणि यांना एकट्यांना दादा म्हणते, हे त्यांनी एवढ्या फुशारकीनं सांगितलं की मी हसून लोळले. लहानपणी विहिरीत पडले होते ते सांगितलं. आईला बघायला गेले तेव्हा तिनंच यांना प्रश्न विचारून घाम फोडला, ते सांगितलं. मी मध्ये तोंड घालू शकत नव्हते, म्हणून सगळं ऐकून घ्यायचे, आणि ऐकता ऐकता भाकऱ्या थापायचे. मागची मशीन त्या वेळी पुन्हा मागं गेलेली असायची.

आणि संध्याकाळी तेच आप्पा दार ढकलून आत यायचे, हातपाय धुवायचे, जेवायचे आणि भिंतीकडं तोंड करायचे. एक शब्द नाही. सुरुवातीला मी विचारायचे, मग त्या पेरूवालीचं काय झालं पुढं? ते ओशाळं हसायचे नि उठून जायचे. मला फार लागायचं ते. दुपारी नदीपलीकडून जो माणूस माझ्याशी बोलतो, तो संध्याकाळी घरी येतच नाही असं वाटायचं. आज माझी मुलं शिकायला लांब आहेत, फोनवर भरभरून बोलतात आणि घरी आली की मोबाइलमध्ये मान घालून बसतात. मी काही म्हणत नाही. काही माणसांना समोरचा चेहरा सहन होत नाही, त्याला आपण काय करणार? पण तेव्हा मी लहान होते आणि मला दोन्ही आप्पा हवे होते.

वर्षश्राद्धासाठी गावी निघायचं होतं त्याच्या आदल्या दिवसाची गोष्ट. दिवेलागणीची वेळ. मी बॅग भरत होते, कुकर लावला होता. रेडिओ चालूच असायचा. आप्पांचा आवाज आला, "आशे, ऐकू यायलंय का? ओव्हर." आवाज इतका स्वच्छ की मी दचकले. मी म्हटलं, यायलंय, कुठपर्यंत आलात? मी सहज गॅलरीतून खाली डोकावले. गाडी आमच्याच गल्लीत, बरोबर दाराखाली उभी होती. आतला दिवा लावलेला. आप्पांचं डोकं दिसत होतं, हातात माइक दिसत होता.

मी झटकन मागं सरले आणि भिंतीला पाठ लावून खाली बसले. वरून बघतेय असं कळलं असतं तर ते संपलंच असतं सगळं.

"तू विचारलं होतंस ना," आप्पा म्हणाले, "तुझी आई शेवटी काय म्हणाली म्हणून." मग त्यांनी बटण सोडलं नाही. दाबूनच ठेवलं. रिक्षा गेल्याचा आवाज एकदा गल्लीतून वर आला आणि तोच पुन्हा रेडिओतून आला. "मला म्हाईत न्हाई, बाळा. मी न्हवतो तिथं. तिला जरा डोळा लागला होता. वॉचमन वर आला, म्हणाला पिकअप कोणाची, ॲम्ब्युलन्सला आडवी यायली, आत्ताच्या आत्ता काढा. मी पळत गेलो. बाहेर जागाच घावंना. लांब लावली. पळत आलो तर नर्स म्हणाली, कुठं होतात? मी तुला काय सांगू? ती काय म्हणाली, काही म्हणाली का, मला हाका मारल्या का. मी गाडी लावत होतो. तुला वाटायलं मी दडवून ठेवलंय. माझ्यापाशी काय न्हाईच आशे. काय असतं तर दिलं नसतं का?"

बटण सुटलं. ते ओव्हर म्हणायला विसरले.

माइक माझ्या मांडीत होता आणि माझा अंगठा काही केल्या दाबला जात नव्हता. एवढं वर्ष मी ज्यांच्यावर दात धरून होते, ते माझ्यासारखेच उशिरा पोचले होते. आई एकटी गेली होती. खूप रडू आलं, आवाज न करता. तिच्यासाठी आलं, त्यांच्यासाठी आलं. खाली एक टेम्पो येऊन थांबला. आमची गाडी गल्लीत आडवी, त्याला जायला वाट नव्हती. त्यानं हॉर्न दिला, मग जोरजोरात द्यायला लागला. आप्पांनी गाडीला चावी मारलेली मला वरपर्यंत ऐकू आली.

मी बटण दाबलं. "आप्पा, गाडी हलवू नका," मी म्हटलं. "वाजवू दे त्याला. तशीच सोडा आणि वर या."